लांब उडी आणि रिले एकाच दुपारी: राष्ट्रीय स्पर्धेचा माझा अनुभव

कॉलेजकडून राष्ट्रीय स्पर्धेला जाणारी लांब उडीची खेळाडू पुष्कळदा ४ बाय १०० रिलेच्या संघातही असते. संघाला वेगाने पळणाऱ्या चौघी हव्या असतात आणि उडीवाल्या पळतातच. मीही त्यातलीच. उडी कशी मारावी हे शिकवणारे खूप आहेत, म्हणून इथे उडीच्या आजूबाजूचं लिहिते: फॉर्म, टेप, कॉल रूम (उतरण्याआधी खेळाडूंना हजर करून तपासतात ती खोली), घड्याळ. माझ्या मते सेंटिमीटर तिथेच जास्त वाया जातात.

पोचल्यावर पहिलं काम मैदान बघणं नाही, नाव कन्फर्म करणं. इथे एक नियम अनेकींना माहीत नसतो. एखाद्या प्रकारासाठी सहभाग पक्का कळवला आणि योग्य कारण न देता उतरलंच नाही, तर पुढच्या सगळ्या प्रकारांतून नाव जातं, रिलेसुद्धा त्यात आली. मॅनेजर ‘राहू दे नाव, बघू’ म्हणून १०० मीटरच्या रकान्यातही खूण करून ठेवतात. मग सकाळची हीट, म्हणजे प्राथमिक शर्यत, पळायची नाही असं ठरतं आणि दुपारी रिलेच्या यादीतून नाव गायब. म्हणून त्या कागदावरच्या माझ्या ओळीतल्या खुणा मी स्वतः बघते. खरंच दुखापत असेल तर वैद्यकीय प्रमाणपत्र वेळेत द्यायचं.

रिलेच्या चौघींचा क्रमही लेखी द्यावा लागतो. त्याची मुदत पहिल्या हीटच्या जाहीर झालेल्या पहिल्या कॉलच्या, म्हणजे कॉल रूममध्ये हजर व्हायच्या वेळेच्या, एक तास आधी संपते. शर्यतीच्या एक तास आधी नव्हे. कॉल आणि शर्यत यांत अर्धा-पाऊण तास सहज असतो, आणि घोळ नेमका तेवढ्याच वेळाचा होतो.

स्पाइक्सचं, म्हणजे खिळ्यांच्या बुटांचं, थोडक्यात. सिंथेटिक ट्रॅकवर खिळा ९ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाही. १२ मिलिमीटरची सूट उंच उडी आणि भालाफेकीला आहे. एका बुटाला जास्तीत जास्त ११ खिळे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ट्रॅकवरच्या धावण्याच्या आणि मैदानी सगळ्या प्रकारांत सोल २० मिलिमीटरच्या आत हवा, त्यामुळे कुणाचे तरी जुने जाड सोलचे बूट मागून आणायचे तर आधी मोजून घ्या. वाळूत सतत वापरलेले खिळे आट्यात गंजून बसतात आणि कॉल रूमच्या दारात पान्याने हलत नाहीत. ते निघण्यापूर्वीच बदलायचे.

आता धाव, म्हणजे रनअप. माझी १६ पावलांची आहे, ३१.४० मीटर. हा आकडा टेक-ऑफ रेषेपासूनचा, आणि टेक-ऑफ रेषा म्हणजे ज्या फळीवरून उडी घ्यायची त्या बोर्डाची वाळूकडची कड. बोर्ड २० सेंटिमीटर रुंद असतो. घाईत कुणी अलीकडच्या कडेला टेप धरला की खूण २० सेंटिमीटर मागे सरकते, आणि मग मुलगी दिवसभर बोर्डाच्या अलीकडूनच उडत राहते. ‘आज पाय पोचत नाहीयेत’ असं वाटत असतं, पाय बिचारे बरोबरच पोचत असतात.

टेपातही दोन जाती आहेत. एकात धातूच्या कडीचं बाहेरचं टोक हेच शून्य असतं. दुसऱ्यात कडीनंतर बोटभर-वितभर कोरी पट्टी सोडून शून्याची रेघ असते. सरावाला एक आणि स्पर्धेत दुसरा टेप वापरला तर चूक मोजतानाच होते, पळण्याआधीच. शिवाय फायबरचा टेप जोरात ओढला की ताणतो आणि सैल धरला की पोटात झोळ येतो. मी टेप धावपट्टीच्या कडेला समांतर ठेवते, दुसऱ्या टोकाला कुणाला तरी बसवते आणि शून्य कुठे आहे ते तिच्याकडून मोठ्याने वदवून घेते. टेप मिळालाच नाही तर? माझा स्पाइक टाचेपासून चवड्यापर्यंत २७ सेंटिमीटर भरतो. टाचेला चवडा लावत ११६ पावलं आणि वर चार बोटं, एवढं वहीत लिहून ठेवलेलं आहे.

धावपट्टीच्या कडेला दोन खुणा ठेवता येतात. बहुतेक वेळा आयोजकच मार्कर देतात. चिकटपट्टी चालते, खडू चालत नाही. पहिली खूण सुरुवातीची. दुसरी मी चौथ्या पावलाला ठेवते, कारण घोळ तिथेच सुरू होतो. मोठ्या स्पर्धेत अंगात जास्त जोर असतो, पहिली चार पावलं लांबतात, आणि शेवटी १५-२० सेंटिमीटर पुढे पाय पडून लाल झेंडा, म्हणजे फाऊल, उडी रद्द. बोर्डाकडे बघत पावलं आखडून हे सावरता येत नाही. आखडलेल्या पावलांत वेग जातो आणि वेग गेला की उडीच गेली. तेव्हा चौथ्या पावलाची खूण चुकली तर सुरुवातीची जागा मागे घ्यायची की सुरुवातच शांत करायची, हे प्रशिक्षकांशी आधीच ठरलेलं असावं. आमच्यात हाताची खूण आहे: तळहात खाली म्हणजे जागा तीच, सुरुवात शांत.

वाऱ्याने पाठीवर ढकललं की पाऊल लांबतं, समोरून आला की आखडतं. मी पाठीवरच्या मध्यम वाऱ्याला खूण अर्धा बूट मागे नेते, जोराच्या वाऱ्याला एक बूट. प्रत्येकीचं माप वेगळं, ते सरावातल्या नोंदींवरूनच कळतं. लांब उडीत वाऱ्याचं मोजमाप पाच सेकंदांचं असतं. ते ४० मीटरच्या खुणेजवळून जाताना सुरू होतं, आणि धाव त्याहून छोटी असेल तर पळायला लागल्यापासून. सेकंदाला २.० मीटरपेक्षा जास्त वारा असेल तर ती उडी विक्रमासाठी धरत नाहीत, स्पर्धेतल्या क्रमांकासाठी मात्र धरतात. म्हणून जास्तीच्या वाऱ्यावर नाराज व्हायचं कारण नाही.

कॉल रूमची वेळ स्पर्धेच्या माहितीपत्रकात प्रत्येक प्रकारासमोर छापलेली असते. मैदानी प्रकारांना ट्रॅकपेक्षा लवकर बोलावतात. तिथे ओळखपत्र, चेस्ट नंबर, संघाचा पोशाख, स्पाइक्स आणि बॅग तपासतात. मोबाइल आणि इअरफोन आत नेता येत नाहीत, ते आधीच कुणाकडे तरी देऊन ठेवा. तपासणीनंतर बसवून ठेवतात, कधी वीस मिनिटं, कधी जास्त. बाहेर केलेला वॉर्मअप तिथे निम्मा थंड होतो. म्हणून मी मुख्य वॉर्मअप कॉलच्या दहा मिनिटं आधी संपवते, आत ट्रॅकसूट काढत नाही आणि उभ्याउभ्या घोटे, पिंढऱ्या हलवत राहते. मैदानात गेल्यावर क्रमवारीने सरावाची धाव मिळते, बहुतेक ठिकाणी दोनदा. पहिल्या वेळी पूर्ण वेगाने पळून बोर्डावरून नुसतं वाळूत निघून जायचं आणि पाय कुठे पडला ते बघायचं. दुसरी, खूण सरकवून. स्पर्धा सुरू झाली की धावपट्टीवर सराव बंद.

चेस्ट नंबरला चार पिना लावा, दोन नव्हे. कारण वाळूतली बोर्डाच्या जवळातली जवळची खूण मोजतात, आणि ती शरीराने केलेली असो की शरीराला त्या वेळी जोडलेल्या कशानेही. लांब वेणी पाठीमागे वाळूत टेकली तर माप तिथून. मी आंबाडा घालते आणि वर आणखी एक रबर बांधते.

नाव पुकारून घड्याळ लागलं की एक मिनिट. शेवटची १५ सेकंद उरली की पिवळा झेंडा वर जातो. मिनिटाच्या आत धाव सुरू झाली पाहिजे, उडी संपलीच पाहिजे असं नाही. हे माहीत असलं की झेंडा बघून धडपड होत नाही. वाऱ्याची झुळूक जाऊ द्यायची तर ४० सेकंद हातात आहेत, पण त्यासाठी नाव पुकारलं जाण्याआधीच ट्रॅकसूट निघालेला हवा. माझ्या आधी तिघी उरल्या की मी तो काढते.

फाऊलचा नियम नोव्हेंबर २०२१ पासून बदलला आहे. आधी बोर्डापुढच्या प्लास्टिसिनचा (ठसा उमटणाऱ्या मऊ लगद्याचा) काठ ४५ अंशांत तिरका असायचा आणि त्यावर ठसा उमटला की फाऊल. आता तो ९० अंशांत सरळ उभा, आणि पाय बोर्ड सोडण्यापूर्वी बुटाचा कुठलाही भाग टेक-ऑफ रेषेवरच्या उभ्या पातळीच्या पुढे गेला की फाऊल, ठसा असो वा नसो. जुन्या व्हिडिओंवरून शिकलेल्यांचा अंदाज इथे चुकतो. बोर्डाच्या अलीकडून उडणं फाऊल नाही, पण बोर्डाच्या डाव्या-उजव्या टोकाबाहेर पाय पडला तर आहे. आणि उतरल्यावर पुढच्या दिशेने किंवा बाजूने बाहेर या. मागे वळून, वाळूतल्या आपल्या खुणेपेक्षा बोर्डाच्या जवळ, बाहेर पाय टेकला की चांगली उडी रद्द. लाल झेंडा चुकीचा वाटला तर तिथल्या तिथे तोंडी हरकत घ्यायची, म्हणजे ती उडी मोजून नोंदवून ठेवता येते. वाळू ओढून सपाट केल्यावर काय मोजणार?

पात्रता फेरीत तीनच उड्या. ठरवलेलं अंतर पार केलं की त्या फेरीत पुन्हा उडता येत नाही. यादीत नावापुढे मोठा क्यू (Q) येतो. तेवढ्यांनी संख्या भरली नाही तर पुढच्या चांगल्या उड्यांवरून उरलेल्या जागा भरतात, त्यांना छोटा क्यू (q). अंतिम फेरीत साधारण १२ जणी. पात्रतेतली उडी अंतिम फेरीत धरत नाहीत, त्यामुळे तिथे सर्वोत्तम उडी मारून दमण्यात काही मिळत नाही. मी पहिली उडी खूण एक बूट मागे घेऊन मारते. बोर्डावर थोडी जागा सुटते, पण नावावर माप लागतं.

अंतिम फेरीत हेच गणित रिलेमुळे आणखी घट्ट होतं. समजा उडीची अंतिम फेरी चार वाजता आहे, रिलेचा कॉल ४:३० ला आणि शर्यत पाचला. बारा जणींची एक फेरी मोजणी धरून १५ ते २० मिनिटं घेते. म्हणजे माझ्या वाट्याला खात्रीच्या दोनच उड्या. तीन फेऱ्यांनंतर पहिल्या आठ जणींनाच पुढच्या तीन उड्या मिळतात, तेव्हा आठात येण्याइतकं माप या दोन उड्यांतच लागलं पाहिजे.

दोन प्रकार एका वेळी आले तर रेफरी एका फेरीपुरता क्रम बदलून देऊ शकतात, पण आपण विचारलं तरच. मी मैदानात शिरल्या शिरल्या मुख्य पंचांना सांगते: अमुक वाजता रिलेचा कॉल आहे, तिसऱ्या फेरीत मला आधी उडू द्या. शेवटच्या फेरीत मात्र क्रम बदलून मिळत नाही. आणि न सांगता निघून गेलं तर आपली पाळी आली की घड्याळ लावतात, मिनिट संपलं की ती उडी ‘पास’ धरली जाते. परत येऊन ती मागता येत नाही. तिसऱ्या फेरीनंतर क्रम उलटा होतो, सर्वांत मागची आधी आणि पहिली शेवटी. वर असाल तर परतायला दोन-चार मिनिटं जास्त मिळतात.

रिलेत मी तिसरी पळते. वळणावर बॅटन (एकीकडून दुसरीकडे द्यायची कांडी) उजव्या हातात. रिलेसाठी धावण्याचे वेगळे स्पाइक्स लागतात, उडीच्या बुटाचा तळवा वळणावर कडक वाटतो. आपल्या लेनमध्ये मागे एकच चिकटपट्टी लावता येते, ५ बाय ४० सेंटिमीटरपर्यंतची; बॅटन आणणारी तिच्यावर आली की आपण सुटायचं. ही पट्टी उडीच्या बॅगेत नव्हे, रिलेच्या बॅगेत ठेवायची, नाहीतर ती वाळूच्या खड्ड्याशी राहते आणि आपण वळणावर. बॅटन अदलाबदलीचा पट्टा २०१८ च्या मोसमापासून ३० मीटरचा झाला, पूर्वीचा २० मीटरचा पट्टा आणि त्याच्या अलीकडची वेग घ्यायची १० मीटर जागा असे वेगळे राहिले नाहीत. जुन्या ट्रॅकवर आधीच्या खुणा अजून रंगवलेल्या असतात. कुठली खूण खरी ते आदल्या दिवशी बघून घ्यावं. बॅटन पट्ट्याच्या आत हवा, पाय कुठे आहेत ते बघत नाहीत. उडी मारून आलेल्या पायांचा वेग पहिल्या दहा मीटरला थोडा कमी पडतो, म्हणून मी नेहमीच्या २४ पावलांऐवजी २३ वर पट्टी लावते. त्यामुळे मी किंचित उशिरा सुटते आणि बॅटन आणणारी मला नक्की गाठते.

शर्यत संपली की दहा मिनिटं तरी चालायचं, मग ट्रॅकसूट, आणि खड्ड्याशी परतल्यावर पंचांना आलेलं सांगायचं. चौथ्या पावलाची खूण पुन्हा तपासायची, कारण दमलेल्या पायांनी पाऊल आखडतं. मी इथे खूण अर्धा बूट पुढे घेते.

पदक मिळो न मिळो, डोप टेस्टसाठी नाव येऊ शकतं. शॅपरोन, म्हणजे या चाचणीसाठी सोबत राहणारा माणूस, कागदावर सही घेतो आणि त्या क्षणापासून नमुना देईपर्यंत नजरेआड करत नाही. रिले किंवा पदक समारंभ बाकी असेल तर त्याच्या सोबतीने तो उरकता येतो, पण तसं आधी सांगावं लागतं. ओळखपत्र जवळ हवं, सोबत आपला एक माणूस नेता येतो. नमुना कमीत कमी ९० मिलिलिटर. घाईने लिटरभर पाणी प्यायलं तर लघवी पातळ होते, विशिष्ट गुरुत्व १.००५ च्या खाली जातं आणि पुन्हा थांबावं लागतं. घोट घोट प्या, बाटली सीलबंद असल्याची खात्री करूनच. किट आपणच निवडायचं, ‘ए’ आणि ‘बी’ बाटल्यांवरचे आकडे फॉर्मवरच्या आकड्यांशी जुळवायचे. गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं लिहायची असतात, सर्दीची गोळी आणि प्रोटीन पावडरसुद्धा. तेव्हा आठवत नाहीत, म्हणून माझ्या रनअपच्या वहीच्या शेवटच्या पानावर ती रोज लिहिलेली असतात. फॉर्मची आपली प्रत त्याच पानात ठेवून मग बस शोधायला निघायचं.