फोल्डर बदलला की व्हेन्व्ह आपोआप चालू: नोंद तिसरी

फोल्डरमध्ये शिरलं की त्यातलं व्हेन्व्ह (त्या कामापुरता पायथन आणि त्याची पॅकेजेस वेगळी ठेवणारं एन्व्हायर्नमेंट) आपोआप चालू व्हावं आणि बाहेर पडलं की बंद व्हावं, असं फंक्शन आपण शेलसाठी, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, लिहितोय. चाचणीला आधीच्या नोंदींतलेच दोन फोल्डर ठेवलेत. 'पंचगंगा'त कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी ३९ फुटांच्या इशारा पातळीवर किंवा ४३ फुटांच्या धोका पातळीवर गेली का ते बघणारी स्क्रिप्ट आहे, ती पांडाज या डेटा हाताळणाऱ्या पायथन लायब्ररीच्या आवृत्ती २ वर चालते. 'गूळभाव' हे गुळाच्या सौद्यातले भाव साठवणारं जुनं काम. त्यात डेटाफ्रेमला (पांडाजच्या तक्त्याला) ओळी जोडणारं 'अपेंड' जागोजागी आहे आणि पांडाज २.० मध्ये ते काढून टाकलंय, म्हणून तिथे १.५.३ बांधून ठेवलंय. चुकीचं एन्व्हायर्नमेंट चालू राहिलं तर 'अपेंड' सापडत नाही म्हणून स्क्रिप्ट तिथल्या तिथे थांबते. ही चूक परवडली, लगेच कळते. पिप इन्स्टॉल (पॅकेज बसवणारी कमांड) भलत्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये गेलं तर मात्र ते कधी उघडकीला येईल सांगता येत नाही.

फोल्डर बदलणाऱ्या 'सीडी' कमांडच्या नावाचं स्वतःचं फंक्शन लिहिण्याची पद्धत आता पूर्ण सोडली. पुशडी आणि पॉपडी या फोल्डर बदलणाऱ्या दुसऱ्या कमांड त्यातून निसटतात. झेड-शेलमध्ये सीएचपीडब्ल्यूडी हा हुक (ठरावीक घटनेला आपोआप चालणारी जागा) आहे, फोल्डर कोणत्याही वाटेने बदलला तरी तो चालतो. 'ॲड-झेडएसएच-हुक'ने आपलं फंक्शन त्याला जोडायचं. दोन गोष्टी सांभाळा. शेल उघडताना हा हुक चालत नाही, म्हणून झेडएसएचआरसी या झेड-शेलच्या सुरुवातीच्या फाइलच्या शेवटी फंक्शन एकदा हाताने बोलवा, नाहीतर एडिटरमधलं टर्मिनल थेट 'पंचगंगा'त उघडलं की काहीच होत नाही. दुसरं, कमांड सब्स्टिट्यूशनच्या (एका कमांडचं उत्तर दुसरीत वापरण्याच्या सोयीच्या) आत सीडी केलं तरी हुक चालतो. फंक्शनने स्क्रीनवर एक शब्द जरी छापला तरी तो त्या उत्तरात मिसळतो. फंक्शन मुकंच हवं.

बॅशमध्ये असा हुक नाही, तिथे प्रॉम्प्ट_कमांड हे व्हेरिएबल वापरायचं. त्यातलं फंक्शन प्रत्येक प्रॉम्प्टआधी, म्हणजे शेल पुढची कमांड मागतो त्याआधी, चालतं, म्हणून पहिल्याच ओळीत आत्ताचा फोल्डर आणि मागचा फोल्डर ताडून बघा, सारखे असतील तर लगेच परत फिरा.

शोध खालून वर. आत्ताच्या फोल्डरपासून होम किंवा रूट येईपर्यंत प्रत्येक पायरीवर 'डॉट-व्हेन्व्ह' हा फोल्डर आहे का आणि त्यात 'पायव्हेन्व्ह.सीएफजी' ही व्हेन्व्हची फाइल आहे का, दोन्ही बघा. नुसत्या नावावर विश्वास नको. वरच्या फोल्डरचं नाव काढायला 'डिरनेम' ही कमांड बोलवू नका, दर पायरीला एक वेगळी प्रोसेस उभी राहते. पाथमधला शेवटचा तुकडा शेलच्याच टक्के-चिन्हाच्या पद्धतीने छाटा. आणि व्हेरिएबलभोवती दुहेरी अवतरण विसरू नका, 'गूळ भाव' असं मोकळी जागा ठेवून नाव देणारे आपल्यात पुष्कळ आहेत.

चालू करणं सोपं आहे, खरी परीक्षा बंद करताना. आपल्या फंक्शनने जे चालू केलं त्याचा पाथ वेगळ्या व्हेरिएबलमध्ये लिहून ठेवा आणि बाहेर पडताना फक्त तेच बंद करा. कुणी मुद्दाम हाताने चालू केलेलं एन्व्हायर्नमेंट बंद करायचा हक्क या फंक्शनला नाही.

या टप्प्यातला सगळ्यात चिवट बिघाड टीमक्समधला (एका टर्मिनलमध्ये अनेक शेल चालवणाऱ्या प्रोग्रॅममधला). 'गूळभाव' चालू असताना टीमक्स सुरू केलं, तर नव्या शेलला व्हर्च्युअल_एन्व्ह (चालू व्हेन्व्हचा पत्ता) आणि पाथ (प्रोग्रॅम कोणत्या फोल्डरांत शोधायचे त्याची यादी) ही व्हेरिएबल वारशाने मिळतात, पण व्हेन्व्ह बंद करणारं 'डीॲक्टिव्हेट' हे फंक्शन मिळत नाही आणि मूळ पाथ ज्यात जपलेला असतो ते व्हेरिएबलही मिळत नाही, कारण ते एक्सपोर्ट केलेलं नसतं. तशात पुन्हा ॲक्टिव्हेट (चालू) केलं की व्हेन्व्हचा बिन फोल्डर, ज्यात त्याचा पायथन असतो, पाथमध्ये दुसऱ्यांदा लागतो. मग डीॲक्टिव्हेट करताना एकच निघतो, एक उरतो. प्रॉम्प्टवरून नाव गेलेलं दिसतं, पण कोणता पायथन चालेल ते सांगणारी 'व्हिच पायथन' कमांड अजून 'गूळभाव'च दाखवते. उपाय असा: शेल सुरू होताना व्हर्च्युअल_एन्व्ह भरलेलं आहे पण डीॲक्टिव्हेट फंक्शन नाही, असं दिसलं तर पाथमधून तो बिन आणि त्यामागचा अपूर्णविराम काढा, व्हर्च्युअल_एन्व्ह अनसेट करा आणि मगच शोध सुरू करा. प्रॉम्प्टवरच्या नावावर विसंबू नका, 'व्हिच पायथन' बघायची सवय लावा.

फोल्डरचं नाव बदललं तरी असंच फसायला होतं. व्हेन्व्ह चालू करणाऱ्या ॲक्टिव्हेट फाइलमध्ये त्या फोल्डरचा पूर्ण पाथ कोरलेला असतो. 'गूळभाव'चं 'गूळभाव-जुना' केलं की पाथमध्ये अस्तित्वात नसलेला बिन लागतो आणि शेल गुपचूप सिस्टीमचा पायथन उचलतो. म्हणून ॲक्टिव्हेट झाल्यावर व्हर्च्युअल_एन्व्ह आणि शोधलेला पाथ जुळतात का ते तपासा. जुळत नसतील तर डागडुजी करत बसू नका: डॉट-व्हेन्व्ह पुसा, 'पायथन३ -एम व्हेन्व्ह'ने नवं करा, रिक्वायरमेंट्स या पॅकेजच्या यादीतून पुन्हा भरा.

सुरक्षेबद्दल आमचं मत ठाम आहे. ॲक्टिव्हेट ही शेल स्क्रिप्ट आहे, कुणाची झिप उघडून आत शिरलात की तिच्यातलं काहीही तुमच्या नावाने चालेल. फाइलचा मालक तपासून भागत नाही, झिप तुम्हीच उघडलेली असल्याने मालक तुम्हीच असता. होममध्ये परवानगीची यादी ठेवा, एका ओळीत एक पूर्ण पाथ, आणि यादीत नसलेल्या फोल्डरला हात लावू नका.

डायरएन्व्ह हे तयार साधन हे काम करतं आणि परवानगीही विचारतं. एन्व्हआरसी ही त्याची फोल्डरमधली फाइल बदलली की 'डायरएन्व्ह अलाव' पुन्हा द्यावं लागतं, ते योग्यच आहे. पण ते फक्त एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पोचवतं, फंक्शन नाही, त्यामुळे डीॲक्टिव्हेट मिळत नाही आणि प्रॉम्प्टवर नाव येत नाही. डेटाबेसचा पत्ता, की वगैरे फोल्डरगणिक बदलत असेल तर सरळ तेच घ्या.

फिश हे तिसरं शेल राहिलंय. तिथे पीडब्ल्यूडी (आत्ताच्या फोल्डरचं) व्हेरिएबल बदलल्यावर चालणारं फंक्शन लिहिता येतं आणि 'ॲक्टिव्हेट.फिश' ही वेगळी फाइल घ्यावी लागते. परवानगीची यादी तिन्ही शेलना एकच वापरायची आहे, पुढचं काम तेच.