दहा हजारांचा कॅचर

ड्राफ्टच्या, म्हणजे टीमनी नवे खेळाडू निवडण्याच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन चार्जर, डब्यात पोहे आणि एक एक्सेल शीट घेऊन खोलीत बसते. भिंतीवर खेळाडूंच्या नावांच्या पट्ट्या, टेबलाभोवती पंधरा-वीस स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारी आमची माणसं, सगळ्यांचे आवाज चढलेले. माझं काम मात्र बेसबॉलचं कमी आणि बेरीज-वजाबाकीचं जास्त. मिरजेत अप्पांना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तू तिथली दिवाणजीच की!" त्याहून नेमकं मला आजवर सांगता आलेलं नाही.

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या ड्राफ्टमध्ये आयपीएलसारखी बोली लागत नाही. टीम आपापल्या पाळीला एकेक मुलगा निवडतात आणि मग त्या मुलाने फक्त त्याच टीमशी बोलायचं. २०१२ पासून पहिल्या दहा राउंडमधल्या प्रत्येक क्रमांकाला सहीच्या बोनसची एक रक्कम लावलेली आहे. तिला स्लॉट म्हणतात. सगळ्या स्लॉटची बेरीज म्हणजे टीमचा बोनस पूल. तो कुणात कसा वाटायचा हे आपल्या हातात, पण ओलांडला की दंड. पाच टक्क्यांपर्यंत जादा रकमेवर ७५ टक्के कर बसतो. त्याच्या पुढे गेलात तर करासोबत पुढच्या ड्राफ्टमधली पहिल्या राउंडची निवडही जाते. त्यामुळे कर खुशीने भरला जातो आणि पाच टक्क्यांच्या रेघेपाशी सगळे ब्रेक लावतात.

त्या वर्षी आमचा पूल ८० लाख डॉलरच्या आसपास होता, म्हणजे वरचे पाच टक्के चार लाख. चौथ्या राउंडला आम्हाला हायस्कूलमधला एक डावखुरा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, हवा होता. स्लॉट साडेपाच लाखांचा, घरच्यांचा आकडा १४ लाख. हे सगळं निवडीच्या आधीच फोनवर झालेलं असतं. आपल्याकडे आधी याद्या होतात आणि मग साखरपुडा, तसंच. मुलाच्या बाजूने बोलणारा असतो एजंटच, पण कॉलेज-खेळाच्या नियमांपायी त्याला 'सल्लागार' म्हणायचं.

खड्डा साडेआठ लाखांचा. चार लाख पाच टक्क्यांतून आले. उरलेले साडेचार वाचवायचे आठव्या, नवव्या आणि दहाव्या राउंडमध्ये, आणि त्यासाठी असतात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची मुलं. हायस्कूलचं पोरगं म्हणू शकतं, "नाही जमत, मी चाललो शिकायला." ते एकदा चार वर्षांच्या कॉलेजात गेलं की तीन वर्षं किंवा वयाची एकविशी होईपर्यंत कुणाच्याच हाती लागत नाही. शेवटच्या वर्षाच्या मुलाकडे काय असतं? डिग्री, आणि कॅचर, म्हणजे उकिडवं बसून पिचरचे बॉल झेलणारा, असेल तर गुडघेदुखी. इथे पैसा खेळाचा मिळतो असं बाहेरच्यांना वाटतं. माझ्या शीटमध्ये तो नकार देण्याच्या ताकदीचा मिळताना दिसतो.

आठव्या राउंडचा मुलगा दहा हजारांना लगेच हो म्हणाला. नवव्याला आमच्या एरिया स्काउटने एक कॅचर सुचवला होता, वय २३. स्लॉट एक लाख ऐंशी हजारांच्या पुढे, देणार दहा. पाळी यायला चार-पाच नावं बाकी असताना स्काउट फोन कानाला लावूनच म्हणाला, "तो पंधरा मागतोय. म्हणतो, दुसरी एक टीम दहाव्या राउंडला पंधरा देतेय."

खोलीत कुणीतरी हसलं. डायरेक्टरने माझ्याकडे पाहिलं.

"खरं असेल?" मी विचारलं.

"ते सोड. आपल्याकडे आहेत का?"

तिघांना दहा-दहा दिले तरी ८० हजार शिलकीत राहत होते. मी आहेत म्हटलं. "दे पंधरा," तो म्हणाला आणि कॉफी आणायला गेला. स्काउट मात्र हलला नाही. फोनवर हात धरून, मला एकटीलाच ऐकू येईल असं तो म्हणाला, "पंचवीस मागितले असते तरी मिळाले असते ना?" मी होकारार्थी मान हलवली. त्याने फोनवरचा हात काढला आणि मुलाला पंधरा सांगितले. तो आमचा पगारी माणूस, आणि मीही.

शिल्लक राखायला कारण होतं, ते नाकारत नाही. निवडलेल्या मुलाने सहीच केली नाही तर त्याचा स्लॉट पूलमधूनच गायब होतो. २०२१ मध्ये न्यूयॉर्क मेट्सनी कुमार रॉकरला दहाव्या क्रमांकावर घेतलं, ६० लाखांवर बोलणं झालं आणि मेडिकलनंतर करार बारगळला. (त्याची आई भारतीय वंशाची. नाव ऐकून आमच्या आईचा प्रश्न: "हा कुमार आपल्याकडचा का गं?") पुढच्या वर्षी टेक्सास रेंजर्सनी त्यालाच तिसऱ्या क्रमांकावर ५२ लाखांत घेतलं. स्लॉट ७५ लाखांच्या वर होता. चौथ्या राउंडला त्यांनी ब्रॉक पोर्टर या हायस्कूलच्या पिचरला ३७ लाख दिले. एकाची कमी झालेली किंमत दुसऱ्याच्या खिशात कशी जाते, हे नव्या माणसाला शिकवायला मी अजून हेच उदाहरण घेते.

आमचं मेडिकल सुरळीत पार पडलं. सह्यांची मुदत संपायच्या दिवशी मात्र दुपारी तीन वाजता डावखुऱ्याच्या वडिलांचा फोन आला. घरात पुन्हा बोलणं झालंय, कॉलेजचा कोचही कालच येऊन गेला, आणखी पन्नास हजार हवेत. डायरेक्टरने स्पीकर बंद केला, माझ्याकडे पाहिलं, मी शिल्लक ७५ हजार म्हटलं. दीड मिनिटात पन्नास मंजूर. शीटच्या तळाशी २५ हजार उरले आणि मुदत संपली तेव्हाही तिथेच होते. ते कुणालाच गेले नाहीत. घरी आल्यावर मी ती फाइल उगाचच दोनदा उघडली.

ऑगस्टमध्ये कामानिमित्त फ्लोरिडातल्या आमच्या सराव केंद्रावर गेले. नवी मुलं इथूनच सुरुवात करतात. सगळ्यात खालच्या पायरीचा पगार २०२३ च्या कराराने वर्षाला १९,८०० डॉलर झाला, त्याआधी तर विचारूच नका. सकाळी दहालाच अंगाची लाही होत होती. कॅचर बुलपेनच्या, म्हणजे पिचरांच्या सरावाच्या जागेतल्या, बाकावर बसून मिटच्या (झेलायच्या हातमोज्याच्या) सुटलेल्या वादीला दाताने गाठ मारत होता. मी नाव सांगितलं, काम सांगितलं.

"म्हणजे पैशांची शीट तुझी," तो म्हणाला.

"हो."

"स्लॉट मीही वाचलाय. छापून येतो तो." त्याने गाठ ओढून पाहिली. मला काय बोलावं सुचेना, आणि त्यालाही बहुधा माझ्याकडून काही नको होतं. समोर डावखुरा अंग मोकळं करत होता. त्याचे बॉल आता रोज हाच झेलायचा.

"पंचवीस-तीस बॉल झाले की याचा कोपर खाली येतो," तो हळूच म्हणाला. "वेग तोच राहतो, म्हणून मशीनवर दिसत नाही. कोचला सांगितलंय. तूही कुठेतरी लिहून ठेव."

माझ्या शीटमध्ये त्याला रकाना नव्हता. पिचरच्या नावाशेजारी, साडेचौदा लाखांच्या पुढच्या रिकाम्या चौकटीत मी ते टाकलं आणि खाली कॅचरचं नाव लिहिलं.