काय व्हयनं?

दुपारी धाकटा उंबऱ्याला अडखळून पडला. मी उठेपर्यंत थोरली धावली. वय वर्षं चार. त्याच्यासमोर उकिडवी बसली नि म्हणाली, "काय व्हयनं भाऊ?"

तो रडायचाच थांबला.

सासूबाई भरिताची वांगी सोलत होत्या. हात तसाच थांबला. माझ्याकडे बघितलं, पण हसल्या नाहीत.

मागच्या आठवड्यात मीच म्हटलं होतं, "आई, बालवाडीच्या बाई म्हणतात घरी शुद्ध बोला. पोरांशी अहिराणी जरा कमी करता का?" त्या वाद घालत नाहीत. तेव्हापासून नातवंडांशी बँकेतल्या साहेबाशी बोलावं तसं जपून बोलतात. "काय झालं बाळा?" एवढंच. रात्रीच्या गोष्टीही बंद.

२०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं, तेव्हा 'आपली बोली, आपला अभिमान' असं स्टेटस ठेवणारी मीच.

आज झोपवताना म्हटलं, "आई, सांगा ना गोष्ट. तुमच्याच बोलीत."

बराच वेळ धाकट्याला थोपटत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आते माले सुचतच नही माय."