खडकाळ तळावर कॅमेरा सोडताना: स्वस्तातल्या व्हिडिओ चौकटीचा अनुभव

किनाऱ्यालगतच्या खडकांत कोणते मासे वावरतात ते पाहायला आम्ही स्वतः जोडलेली चौकट घेऊन होडीतून निघालो. पीव्हीसी पाइपची चौकट, वॉटरप्रूफ केसमधला ॲक्शन कॅमेरा, समोर मीटरभर दांडीला बांधलेली आमिषाची जाळीदार पिशवी आणि वर दोर-बोया, एवढाच सरंजाम. पाइपांना भोकं जरूर पाडा. आत हवा कोंडली तर चौकट बुडायलाच तयार होत नाही. पायांना शिशाची वजनं बांधा आणि दोर खोलीच्या दीडपट तरी ठेवा.

जायचा दिवस तिथी बघून ठरवा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ असते, गाळ उठतो. आम्ही अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीचा फरक कमी असतो तेव्हा, गेलो आणि भरती संपून ओहोटी लागायच्या आधी चौकट सोडली.

सगळ्यात जास्त वेळ केसच्या ओ-रिंगला, म्हणजे झाकणाच्या फटीतून पाणी येऊ न देणाऱ्या रबरी कड्याला द्या. दर 10 मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, त्यात रिंगखाली अडकलेला डोक्याचा एखादा केस किंवा वाळूचा कणही पाणी आत यायला पुरतो. रिंग उजेडात धरून बोट फिरवून बघा, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. नवी केस आधी कॅमेऱ्याविना, आत टिशू पेपर ठेवून बुडवा. कागद कोरडा निघाला तरच पुढे जा. काचेवर वाफ धरू नये म्हणून सिलिका जेलची पुडी हवीच.

चित्रीकरण बघताना फार आनंद झाला. गाळ बसला, बारकी पिल्लं पिशवीला टोचू लागली, मग कपारीतून एक मोठा हेकरू (ग्रूपर मासा) संथपणे पुढे आला आणि बाकीचे क्षणात पांगले. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच पाण्यात विरतो, म्हणून जात ओळखताना रंगापेक्षा आकार आणि पट्ट्यांवर भिस्त ठेवा.

मोजणीत तोच मासा पुन्हापुन्हा धरला जाऊ नये म्हणून प्रत्येक जातीचे एका फ्रेममध्ये एकाच वेळी दिसलेले जास्तीत जास्त मासे नोंदवतात. त्यालाच मॅक्स-एन म्हणतात. मात्र दोन जागांची तुलना करायची तर आमिष, त्याचं वजन आणि कॅमेरा तळाशी ठेवायचा वेळ सगळीकडे सारखाच हवा. साधारण तासभर चालतो. माझ्या मते महागड्या लेन्सपेक्षा या शिस्तीवर मेहनत घ्यावी.

चौकट सोडण्याआधी पाटीवर जागा, तारीख, वेळ आणि खोली लिहून कॅमेऱ्यासमोर धरा. परतल्यावर बंद केस गोड्या पाण्यात भिजत ठेवा, पूर्ण पुसून मगच उघडा.