बोट उचला, परत ठेवा

परवा दुपारी आमच्याकडं नवीन लॅपटॉप आला. म्हणजे मीच जाऊन आणला राजारामपुरीतनं, पण घरात सगळे "आला" असंच म्हणतात, पाव्हणा आल्यासारखं. आई लगेच हळदीकुंकवाचा करंडा घेऊन हजर. मी म्हटलं स्वस्तिक झाकणावर बारीक काढ, किबोर्डात कुंकू सांडू नको, आणि नारळ तेवढा अंगणात फोड, पाणी आत गेलं तर वॉरंटीत बसत नाही. तर म्हणते कशी, "मी आपला लांबूनच करतो बाबा, तुझ्या मशीनला मी हात लावत न्हाई."

मशीन. आमच्या घरात कॉम्प्युटरला मशीनच म्हणतात, त्याला कारण आप्पा, माझे वडील.

आप्पा तीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लोखंड कातायच्या लेथवर होते. मी शाळकरी असताना सुट्टीत त्यांचा डबा द्यायला जायचो. दारातच तो वास यायचा, कूलंटचं पांढरं पाणी आणि तापलेल्या लोखंडाचा, अजून कधी उद्यमनगरातनं गाडी घातली की नाक आपोआप तिकडं वळतं. ऑईल इंजिनचे पार्ट असायचे, बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे. बीड कातलं की त्याची काळी पूड उडते आणि ती हाताच्या रेघांत बसते ती बसतेच, साबणानं जात नाही, रॉकेलनं जात नाही. आप्पा जेवायला बसले की भाकरी पांढरी आणि बोटं काळी. खंडेनवमीला मात्र सगळं शॉप धुऊन पुसून, लेथला झेंडूची माळ, आणि त्या दिवशी कुणी बटण दाबायचं नाही. मला एकदा तिथं जोरात थप्पड बसलीय. मशीन बंद होतं, मी चकमध्ये, म्हणजे पार्ट धरून गरगर फिरणाऱ्या पकडीत, ती आवळायची चावी घालून नुसती फिरवत होतो आणि तशीच सोडून बाजूला झालो. आप्पांनी आधी चावी काढली, मग मला हाणलं. चावी चकात राहिली आणि कुणी मशीन चालू केलं तर ती गोळीसारखी सुटते, हे मला नंतर समजावलं. आधी थप्पड, मग थिअरी.

तर हे असे आप्पा लॅपटॉपशेजारी खुर्ची ओढून बसले. पहिला प्रश्न, "बोर्डाला अर्थिंग हाय का?" मी थ्री पिनला टू पिनचा जोड लावून कामाला लागणार होतो, तो त्यांनी काढायला लावला. अर्थिंग नसलं की पत्र्याच्या बॉडीच्या लॅपटॉपला मनगट टेकवलं की बारीक झिणझिण्या येतात, हे मी ऑफिसच्या जुन्या लॅपटॉपवर रोज सोसत होतो आणि मला वाटायचं माझ्याच हाताला काहीतरी झालंय. आप्पा टेस्टर घेऊन आले, बोर्ड बघितला, मग मागच्या दारी जाऊन अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून आले. कोळसा-मीठ घालून त्यांनीच भरलेला खड्डा तो. इतकं झाल्यावर मला बटण दाबायची परवानगी.

मग ते नेहमीचंच, भाषा निवडा, वायफाय जोडा, ईमेल द्या, होय, पुढे, होय, पुढे. अपडेटचे टक्के तर ९ वर गेले आणि तिथंच बसले. तेवढ्यात मी बॅटरीचं सेटिंग शोधलं, चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायचं. आप्पांना पटेना, पैसे पुऱ्या बॅटरीचे दिलेत की. मी म्हटलं लिथियमची बॅटरी सारखी १०० वर भरून ठेवली की लवकर म्हातारी होते. तरी गप्प. शेवटी म्हटलं, आप्पा, पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका असतोय नव्हं, तसं हे ८० म्हणजे इशारा पातळी. "मग असं सांग की."

पुराचं नाव निघाल्यावर मावशीचा कॉम्प्युटर निघणारच होता. शाहूपुरी कुंभार गल्लीत घर, २०१९ च्या ऑगस्टमध्ये टीव्ही माळ्यावर टाकला, धान्य टाकलं, आणि टेबलाखालचा सीपीयू राहिला. भावाच्या लग्नाचे सगळे फोटो त्यात. दुसरी कॉपी कुठं न्हाईच. मावशी अजून "पंचगंगेनं अल्बम नेला" म्हणते. मी तेव्हापासून फोटो दोन ठिकाणी ठेवणार आहे, गेली कित्येक वर्षं ठेवणारच आहे.

डिस्क लॉक होते त्याची एक रिकव्हरी की असते, ४८ आकडी, लॅपटॉप कधी अडून बसला तर ती मागतो. ऑनलाईन अकाउंटात असते ती, पण मी वहीतपण उतरून काढली. आप्पा म्हणाले, "ही चावी मशीनजवळ ठेवायची न्हाई." वही कपाटात गेली, घरपट्टीच्या पावत्यांखाली.

मग आप्पांचं वेगळं अकाउंट काढायला घेतलं, साधं, ॲडमिनचं नव्हे. म्हणजे त्यांनी कुठल्या तरी "आपको इनाम लगा है" वर क्लिक केलं आणि काही इन्स्टॉल व्हायला गेलं तर आधी माझा पासवर्ड लागेल. त्यांना फक्त पुण्याच्या नातीशी मोठ्या स्क्रीनवर बोलायचंय आणि कुस्त्या बघायच्यात, खासबागच्या जुन्या. पिन त्यांनी टाकला, मी तोंड फिरवलं. मग बोट. म्हटलं पिन सारखा कशाला टाकताय, बटणावर बोट टेकवलं की झालं.

बोट टेकवा. टेकवलं. उचला, परत ठेवा. ठेवलं. परत ठेवा. ठेवलं. सेन्सर पुसा. सदऱ्यानं पुसला. दुसरं बोट घेऊन बघा. अंगठा, मधलं, डावा हात, सगळं झालं. आप्पा एवढ्या नेटानं बोट दाबत होते की मी म्हटलं, दाबू नका, नुसतं टेकवा. मग ते शांतपणे म्हणाले, "रेशनच्या दुकानातपण उठत न्हाईत. तिथं ओटीपी घेत्यात."

मी त्यांचा हात हातात घेऊन उजेडात धरला. असा कधी धरला होता आठवत नाही. काळी पूड कधीच गेलेली, पण तिच्याबरोबर रेघापण गेल्यात. बोटांची टोकं चकचकीत, जुन्या नाण्यावरचा छाप झिजतो तशी. लॅपटॉपला वाचायला तिथं काही नव्हतंच.

"असू दे, पिन हाय की," म्हणाले आणि उठून मागं गेले, खड्ड्यात अजून एक बादली ओतायला.

संध्याकाळी लाईट गेली आणि आली. रात्री जेवून मी माझं अकाउंट उघडायला बसलो. बोट नीट टेकवलंपण नव्हतं, उघडला.