दुसऱ्या बाकावरचा आठवा

दुपारी डबा खाऊन डोळे जड झाले होते, तेवढ्यात ऑफिसात नवा लागलेला मुलगा लॅपटॉप हातात घेऊनच आला. त्याचा प्रोग्रॅम चुकीचा आहे असं मी म्हटलं होतं. "चालतंय की! मग चूक कसं?"

सी भाषेतला प्रोग्रॅम. इंट ए[४][५], म्हणजे चार ओळी, प्रत्येकीत पाच घरं. दोन लूप (एक फेरा ओळींचा, त्याच्या आत एक घरांचा) लिहायचा कंटाळा करून पठ्ठ्या पहिल्या ओळीतून जो सुटला, तो ओळींची पर्वा न करता वीसच्या वीस घरं फिरून आला होता. उत्तर बरोबर. तिथेच तर पंचाईत.

मी १९९९चं स्टँडर्ड, म्हणजे सी भाषेचं नियमांचं पुस्तक, उघडलं. त्याच्या शेवटी 'जे' परिशिष्टात अनडिफाइन्ड बिहेव्हियरची, म्हणजे जे केल्यावर काय होईल याची भाषा काहीच हमी देत नाही अशा गोष्टींची, लांबलचक यादी आहे. तिच्यात नेमकं हेच उदाहरण: ए[४][५] असताना ए[१][७] म्हटलंत तर ते हद्दीबाहेर, मग तिथे घर दिसत का असेना. मी मिशीत हसलो. पोराने शांतपणे परिशिष्टाचा मथळा दाखवला. ते नुसतं माहितीपुरतं, नियमात धरायचं नाही.

बरं, मूळ नियम काय? पॉइंटर, म्हणजे घराचा पत्ता धरून ठेवणारा बाण, पुढे सरकवताना त्याच अ‍ॅरेत (म्हणजे घरांच्या रांगेत) राहायचं, फार तर शेवटच्या घराच्या एक पुढे. (त्या पुढच्या घराचा पत्ता लिहून ठेवायला परवानगी, दार वाजवायला नाही. हे कलम मला फार आवडतं.) पण 'त्याच' म्हणजे कुठल्या? पाचांची ओळ हाही अ‍ॅरे, वीसांची चौकटही अ‍ॅरेच. शिवाय घरं एकमेकांना खेटून, मध्ये फट नाही, हेही हेच पुस्तक सांगतं.

खेटून म्हटलं की मला शाळेतला बाक आठवतो. बसायचे पाच जण, जागा चारांची. टोकाच्याचं अर्धं बूड हवेत. गणिताचे सर वह्या तपासायला खुर्चीतून उठायचे नाहीत. तिथूनच बोट नाचवत म्हणायचे, "दुसरा बाक, आठवा. वही घेऊन ये." दुसऱ्या बाकावर पाचच. मग मोजणी ओघळत तिसऱ्या बाकावर यायची आणि तिसऱ्या पोरावर थांबायची. तो मी. सी भाषेसारखं शून्यापासून मोजा, ए[१][७] मीच आणि ए[२][२]ही मीच.

पहिल्यांदा मी उठलोच नाही. "सर, दुसऱ्या बाकावर आठवा नाहीच." दोन छड्या. पुढच्या आठवड्यात आकडा ऐकताच ताडकन उभा राहिलो, तर सर म्हणाले, "दुसरा बाक म्हटलं ना मी? तू कशाला उठलास?"

प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरचंही असंच. आज निमूट ए[२][२] काढून देईल; उद्या ऑप्टिमायझेशन (प्रोग्रॅम वेगवान करायची सोय) चढवलं की दुसरा आकडा चारच्या वर जाणारच नाही असं गृहीत धरून वाटेल ते करील. आणि दाद कुठेच मागता येणार नाही.

हे सगळं त्या पोराला रंगवून सांगितलं. त्याने कुरकुरत दोन लूप लिहिले. जाता जाता म्हणाला, "पण पहिल्या वेळी तुमचं बरोबर होतं. उगाच मार खाल्लात."

मी मान डोलावली. वही त्या दिवशी घरीच राहिली होती, हे काही त्याला सांगितलं नाही.