सोलापूरच्या उन्हाळ्यात चिलटांची पैदास : माझा अनुभव

मी पाळलेले बेडूक ‘डेंड्रोबेट्स टिंक्टोरियस’ या जातीचे, मूळचे दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम आणि गयाना भागातले आहेत. ही जात साइट्स कराराच्या (वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात येत असल्यामुळे त्यांची परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदणी केलेली आहे. डोळ्यांसमोर हलणारे बारीक भक्ष्यच ते टिपतात, कोरड्या खाद्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. रानात ते मुंग्या आणि माइट (कोळ्यांच्या वर्गातले अतिसूक्ष्म जीव) खातात आणि त्यांच्या त्वचेतील विष याच आहारातून येते. घरात चिलटांवर वाढलेल्या बेडकांमध्ये ते विष तयार होत नाही. तेव्हा बेडूक पाळायचे ठरवले त्याच वेळी चिलटे पाळणेही ओघाने आले.

ही चिलटे म्हणजे पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारी ड्रोसोफिला. आंब्या-पेरूत अळ्या पाडणारी, बागायतदारांना छळणारी फळमाशी निराळ्या कुळातली आहे. मी ‘व्हेस्टिजियल’ हा वाण आणला. यातील जनुकीय दोषामुळे पंखांच्या जागी केवळ खुरटलेली टोके राहतात आणि माशी उडू शकत नाही.

चिलटांच्या खाद्यासाठी परदेशी हौशी लोक बटाट्याचे सुके काप वापरतात, परंतु मला आपल्याकडच्या प्रयोगशाळांची रवा-गुळाची पद्धत अधिक पसंत पडली. एक लिटर पाण्याला 100 ग्रॅम रवा, 100 ग्रॅम गूळ, 8 ते 10 ग्रॅम अगर (मिश्रण घट्ट करणारी भुकटी) आणि बुरशी रोखण्यासाठी 7.5 मिलिलिटर प्रोपिओनिक आम्ल असे हे प्रमाण आहे. घरी पाव लिटरचे मिश्रण पुरते. आम्लाचा वास उग्र असतो आणि ते त्वचेला भाजते, म्हणून हातमोजे घालून, गॅस बंद करून, मिश्रण थोडे निवल्यावरच ते घालावे. बरणीत ओतलेले खाद्य पूर्ण थंड झाले की वर चिमूटभर यीस्ट भुरभुरावे, अळ्यांना चढण्यासाठी अंड्यांच्या ट्रेच्या पुठ्ठ्याचा तुकडा उभा करावा, आतल्या भिंतींवरचा घाम पुसून घ्यावा (माश्या त्यात चिकटून मरतात) आणि तोंडाला दाट विणीचे सुती कापड बांधावे. एवढे जमले की हिवाळ्यात फारसे काही करावे लागत नाही.

खरी परीक्षा एप्रिलमध्ये सुरू झाली. 25 अंश तापमानाला अंड्यापासून माशी होण्यास साधारण दहा दिवस लागतात, 18 अंशांना जवळजवळ दुप्पट. सोलापूरचा पारा मात्र 42 अंशांपर्यंत चढतो आणि खोली 30 अंशांच्या पुढे राहिली की नर निर्बीज होऊ लागतात. बरण्यांत अंडी दिसत, पण अळ्या विरळ होत गेल्या. त्याच सुमारास काही माश्यांना लांब पंख आले आणि त्या चक्क फडफडू लागल्या.

आंब्याचा हंगाम असल्याने बाहेरची चिलटे घरभर होती, तेव्हा त्यांच्याशी संकर झाला असावा अशी मला शंका आली. खुरट्या पंखांचे जनुक अप्रभावी असल्यामुळे एकच पालक रानटी असला तरी पुढची सगळी पिल्ले पंखवाली निघतात. परंतु ओळखीतल्या, जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांनी वेगळी शक्यता दाखवली. ते म्हणाले, “या वाणाचे पंख उष्णतेत वाढल्यास लांब होतात. एवढ्यात बरणी फेकू नका, पुढची पिढी थंडाव्यात वाढवून बघा. पंख पुन्हा खुरटले तर दोष उन्हाचा, राहिले तर संकर झाला असे समजा.” मी तसे केले आणि पुढच्या पिढीत पंख गेले. वाण शुद्ध होता, याचा मला फार आनंद झाला, कारण असे मूळ बीज पुन्हा मिळवणे इथे सोपे नाही.

त्यानंतर मी व्यवस्था दोन भागांत विभागली. बीजाच्या, म्हणजे पुढच्या पैदाशीसाठी राखलेल्या माश्यांच्या, मोजक्या बरण्या बेडकांच्या वातानुकूलित खोलीत, बेडकांना मानवणाऱ्या 24 अंशांच्या आसपास राहतात. बेडकांना खाऊ घालायच्या माश्यांच्या बरण्यांसाठी, भाजीपाला टिकवण्यासाठी शेतकरी वापरतात तसा शीतकक्ष मागच्या पडवीत रचला. विटांच्या दोन भिंती, मधल्या पोकळीत वाळू आणि ती वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करायची, इतकेच ते काम आहे. सोलापूरची हवा एप्रिल-मेमध्ये इतकी कोरडी असते की पाणी झपाट्याने उडते आणि आतला भाग बाहेरच्यापेक्षा पुष्कळ गार राहतो. जूनमध्ये हवा दमट झाली की हा परिणाम मंदावतो, पण तोवर बाहेरचा पाराही उतरलेला असतो. आतल्या ओलाव्याने बुरशीचा धोका वाढतो, म्हणून या दिवसांत मी आम्लाच्या मापात जराही काटकसर करत नाही.

माइटपासून सावध राहणे मला उष्णतेइतकेच महत्त्वाचे वाटते. जुन्या बरणीतून नव्या बरणीत ते सहज पसरतात आणि अळ्यांचे खाद्य बळकावतात. म्हणून बरण्या साबणाच्या पाण्याच्या ताटात विटेवर ठेवाव्यात, त्यामुळे मुंग्याही येत नाहीत. दर आठवड्याला नवी बरणी लावावी, बीजासाठी पहिल्या बहराच्या माश्या घ्याव्यात आणि महिना उलटलेली बरणी ठेवू नये. चिलटांत कॅल्शियम अगदी कमी असते, त्यामुळे देण्यापूर्वी त्या कपात घेऊन जीवनसत्त्व ड-3 युक्त कॅल्शियमच्या भुकटीत हलक्या हाताने घोळवाव्यात. बेडूक थोड्या वेळात संपवतील इतक्याच सोडाव्यात, उरलेल्या माश्या रात्रभर त्यांच्या अंगावर चढून त्यांना त्रास देतात.

बाद झालेली बरणी उघडी टाकू नये. मी ती झाकणासह पिशवीत बांधून दिवसभर फ्रीजरमध्ये ठेवतो आणि नंतरच आतला ऐवज खतात मिसळतो.